शनिवारची गोळी

मिरजेहून एका भगिनीने लिहिले आहे, ‘यजमानांना उदासपणासाठी डॉक्टरांनी रात्रीची गोळी दिली आहे. शनिवारी मित्रांबरोबर दारू घ्यायची असली, की ते त्या दिवशीची गोळी चुकवतात. म्हणतात, दोन्ही एकत्र नको ना! हे बरोबर आहे का?’

नाही हो, ताई. एक दिवस गोळी टाळली म्हणून औषध अंगातून जात नाही. फ्लुऑक्सेटिन तर कित्येक दिवस शरीरात राहतं. म्हणजे दारूशी गाठ पडायची ती पडतेच, वर औषधात खंड! या गोळ्यांचा गुण यायला २ ते ४ आठवडे, कधी जास्तही लागतात. अशी धरसोड केली, तर तो यायचा कसा? अमिट्रिप्टिलिनसारख्या गोळीवर दारू घेतली, तर गुंगी फार वाढते, तोल जातो. अशा वेळी स्कूटरला हात लावू देऊ नका. शिवाय दारूने घटकाभर बरं वाटलं, तरी मन पुढे अधिकच खचतं.

तेव्हा भांडत बसू नका. दोघं मिळून डॉक्टरांकडे जा आणि किती, केव्हा घेतात ते खरं सांगा. त्यात लाज कसली? मनाने गोळी बंद करू नका. रोज भरपूर पिणाऱ्याने दारूही एकदम सोडू नये. हात थरथरतात, फिट येऊ शकते. ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडवावी.

आणि ‘जगणं नको’ असं ते बोलले, तर त्यांना एकटं सोडू नका. लगेच दवाखाना गाठा. २०२२ पासून ‘टेलि-मानस’ ही सरकारी मोफत सेवाही आहे. १४४१६ हा नंबर फिरवा, मराठीतून बोला.