पिवळे कार्ड : संशयाला मिळालेली अधिकृत जागा

१/ औषध बाजारात आले म्हणजे त्याविषयीचे ज्ञान पूर्ण झाले, हा समज थॅलिडोमाइडने मोडून काढला. १९५७ मध्ये पश्चिम जर्मनीत आणि १९५८ मध्ये ब्रिटनमध्ये हे औषध विक्रीस आले. झोपेसाठी आणि गरोदरपणातील मळमळीवर ते निर्धोक म्हणून दिले जात असे.

२/ पुढे हातपाय खुरटलेली अर्भके ठिकठिकाणी जन्मू लागली. प्रत्येक डॉक्टरला आपल्यासमोरचे मूल दिसत होते. साऱ्यांची एकत्र नोंद ठेवणारी वही मात्र नव्हती. हॅम्बुर्गचे विडुकिंड लेन्झ आणि सिडनीचे विल्यम मॅकब्राइड यांनी १९६१ मध्ये स्वतंत्रपणे या औषधाकडे बोट दाखवले. त्या वर्षअखेरीस दोन्ही देशांतील विक्री थांबली, पण तोवर हजारो मुलांना इजा झाली होती.

३/ १९६३ मध्ये ब्रिटनने सर डेरिक डनलॉप यांच्या अध्यक्षतेखाली औषध सुरक्षा समिती नेमली. मे १९६४ मध्ये डॉक्टरांच्या हाती पिवळे कार्ड आले. समितीने पुरावा मागितला नाही. औषधामुळे झाला असावा असा नुसता संशय असला, तरी तो कळवा, एवढेच सांगितले. माहिती गोपनीय राहील आणि कळवणाऱ्यावर शिस्तभंगाची कारवाई होणार नाही, अशी हमीही दिली. या योजनेचे खरे नावीन्य येथे आहे.

४/ एकटे कार्ड काहीच सिद्ध करत नाही. औषध किती जणांनी घेतले, हे त्यावरून कळत नाही. परंतु कार्डे शेजारी शेजारी ठेवली की प्रश्न आकार घेतो. गर्भनिरोधक गोळ्या आणि रक्ताच्या गुठळ्या यांविषयी ब्रिटन, स्वीडन व डेन्मार्कमधील नोंदी एकत्र तपासल्या, तेव्हा इस्ट्रोजेनचे प्रमाण आणि धोका यांचा संबंध दिसला. डिसेंबर १९६९ मध्ये समितीने ५० मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक इस्ट्रोजेन नसलेल्या गोळ्या वापरण्याचा सल्ला दिला.

५/ याच व्यवस्थेचा आंधळा कोपरा प्रॅक्टोलॉलने उघड केला. १९७० मध्ये आलेल्या या हृदयविकारावरील औषधाने काही रुग्णांचे डोळे कोरडे पडत होते, दृष्टी अधू होत होती. १९७५ मध्ये नेत्रतज्ज्ञ पीटर राइट यांनी हे प्रसिद्ध केल्यावर कार्डांचा ओघ सुरू झाला. रुग्ण आधीही होतेच. हृदयाच्या गोळीचा डोळ्यांशी संबंध असेल, ही शंका मात्र कोणाला आली नव्हती.

६/ इतिहासाच्या अभ्यासकाला हा धडा परिचित आहे. दफ्तरात नोंद नाही म्हणून घटना घडली नाही, असे होत नाही. ज्याला संशय घेण्याचा आणि लिहिण्याचा अधिकार असतो, त्याचेच जग दफ्तरात उतरते.

७/ म्हणूनच रुग्णांना थेट नोंद करू देण्यास ब्रिटनमध्ये २००५ साल उजाडावे लागले, हा विलंब किरकोळ नव्हे. सामान्यांच्या तक्रारींनी गोंधळ वाढेल, हा आक्षेप टिकत नाही. कारण नोंद म्हणजे निवाडा नव्हे, ती साक्ष आहे. साक्ष पारखणे हे व्यवस्थेचे काम. ती ऐकण्याआधीच साक्षीदाराला दारातून परतवणे, हे ज्ञानाचेच नुकसान आहे.

८/ भारतात राष्ट्रीय फार्माकोव्हिजिलन्स कार्यक्रम २०१० मध्ये सुरू झाला आणि येथेही रुग्ण स्वतः नोंद करू शकतो. गोळी घेतल्यावर अंगावर पुरळ उठले आणि माणसाने ते मुकाट्याने सोसले, तर ते दुखणे त्याच्यापुरतेच उरते. त्याची नोंद झाली, तर पुढच्या अनोळखी रुग्णाला ती सावध करू शकते.