वरून हिरवे, आतून पोखरलेले



पेरण्या उरकल्या, कोळपण्या चालू आहेत. या दिवसांत या पानावर मी सोयाबीनच्या किडींविषयी लिहीत असतो. आजही सुरुवात तिथूनच करतो. खोडमाशी तुमच्या ओळखीची आहे. तिची अळी खोडाच्या आत शिरते आणि आतला गाभा खात राहते. वरून झाड हिरवेगार दिसते. खोड उभे चिरले तरच मधोमध तांबूस, नागमोडी पोखर नजरेस पडते. न चिरणाऱ्याला शेंगा भरायच्या वेळी कळते, आणि तेव्हा कळून उपयोग नसतो.

सहा वर्षांपूर्वी मराठवाड्यातल्या एका गावात शेतीशाळेत मी हेच दाखवत होतो. झाड उपटले, चाकूने खोड चिरले आणि पोखर सगळ्यांना फिरवून दाखवली. तेव्हा मागे बसलेल्या एक बाई उठल्या आणि म्हणाल्या, "साहेब, झाडाचं खोड चिरून दावलंत, बरं झालं. आमच्या मालकाचं कसं चिरून बघावं? वरून धडधाकट दिसत्यात. रोज पेत्यात."

मंडळी हसली. मीही हसलो आणि "दवाखान्यात दाखवा, मावशी" एवढे बोलून विषय औषधाच्या मात्रेवर नेला. खरी गोष्ट आज सांगतो. त्याच संध्याकाळी मी स्वतः तालुक्याच्या रस्त्यावरच्या एका धाब्यावर चार ओळखीच्यांबरोबर ग्लास घेऊन बसलो होतो. बैठक झाली, दौरा झाला, की बसायचे, हे माझे वीस वर्षे चालले होते. आठवड्यातून तीन-चार संध्याकाळ. त्याला मी पिणे म्हणत नसे, शीण घालवणे म्हणत असे. वजन ८६ किलोवर गेले होते. पँटचा पट्टा दर वर्षी एक भोक पुढे सरकत होता आणि मी ते वयावर ढकलत होतो.

महिन्याभराने पोट दुखते म्हणून सोनोग्राफी केली. पोटदुखी निघाली पित्ताची, पण डॉक्टर म्हणाले, "साहेब, तुमच्या लिव्हरवर चरबी साठली आहे. आज दुखत नाही, कारण लिव्हर लवकर दुखत नाही." मला त्या मावशी आठवल्या. माझे खोड चिरून झाले होते.

आता नेहमीप्रमाणे हिशेब मांडू. १८० मिलीची क्वार्टर घ्या. बाटलीवर ४२.८ टक्के असे छापलेले असते. म्हणजे तिच्यात निव्वळ अल्कोहोल सुमारे ७७ मिली, वजनात ६१ ग्रॅम. पिठा-साखरेच्या एका ग्रॅमातून ४ कॅलरी मिळतात, तेला-तुपाच्या ग्रॅमातून ९, आणि अल्कोहोलच्या ग्रॅमातून ७. म्हणजे एका क्वार्टरमध्ये सव्वाचारशे कॅलरी झाल्या. सव्वाशे ग्रॅम ज्वारीच्या पिठात तेवढ्याच मिळतात. पण ज्वारीबरोबर प्रथिने येतात, लोह येते, चोथा येतो. बाटलीतून यातले काहीच येत नाही. तिच्याबरोबर ५० ग्रॅम खारे शेंगदाणे खाल्ले की आणखी पावणेतीनशे कॅलरी. दोन्ही मिळून सातशे. रोजचा हा रतीब असेल तर महिन्याला सहा किलो ज्वारीच्या पिठाएवढी भर आपण जेवणाशिवाय पोटात टाकतो. आणि घरी आल्यावर ताट वेगळेच.

"मी फक्त बियर घेतो" असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. आठ टक्क्यांच्या बियरची ६५० मिलीची बाटली म्हणजे ४१ ग्रॅम अल्कोहोल. क्वार्टरच्या दोन तृतीयांश. रंग निराळा, माल तोच.

ही भर पोटावरच का बसते, तेही सांगतो. कालव्याच्या पाण्याला जशी पाळी असते, तशी लिव्हरमध्येही कामाची पाळी असते. अल्कोहोल शरीराला विषासारखा असल्याने लिव्हर आधी त्याला निकालात काढते. तोवर चरबी जाळण्याची पाळी मागे पडते. मागे पडलेली चरबी काही लिव्हरमध्ये साठते, काही पोटावर. पिणे थांबले की पाळी पुन्हा सुरळीत होते. सुरुवातीच्या टप्प्यातली अशी चरबी दारू सोडल्यावर काही आठवड्यांत, काही महिन्यांत उतरू शकते. पण तो टप्पा ओलांडून लिव्हर निबर झाले, त्यावर वण पडले, की तो भाग पूर्वीसारखा होणे कठीण. तेव्हाही सोडण्याचा फायदा आहेच, कारण उरलेले वाचते.

पण पिणारा प्रत्येक जण लठ्ठ होतो असे नाही. त्या मावशींचे मालक उलट होते. दारू आधी, भाकरी नंतर, आणि पुष्कळदा नाहीच. अंगावर मांस राहिले नव्हते. अशा माणसाचे हातपाय काटकुळे आणि पोट मात्र नगाऱ्यासारखे दिसू लागले, तर ती चरबी समजू नका. ते पाणी असू शकते. डोळे पिवळे, पायांना सूज, काळी शौचास किंवा रक्ताची उलटी, यातले काहीही दिसले तर बाजाराचा दिवस बघू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

त्या घरात पुढे जे घडले ते प्रत्येक घराने ऐकून ठेवावे. पुढल्या वर्षी श्रावण लागताच मालकांनी देवापुढे शपथ घेतली आणि एका दिवसात दारू बंद केली. निश्चय खरा होता. पण हा माणूस सकाळी उठल्याबरोबर घेणारा, न घेतल्यास हात थरथरणारा. संध्याकाळपर्यंत घाम सुटला, कापरे भरले. दुसऱ्या दिवशी झटके आले. घरच्यांना वाटले बाहेरची बाधा. देवऋष्याकडे अर्धा दिवस गेला. शेवटी थोरल्या पोराने ऐकले नाही, गाडी केली आणि सरकारी दवाखान्यात नेले. म्हणून माणूस हाती लागला.

ती बाधा नव्हती. अनेक वर्षे रोज भरपूर पिणाऱ्याचे शरीर दारूला सरावलेले असते. ती एकदम तोडली की सहा-आठ तासांत थरथर आणि घाम सुरू होतो. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भ्रम होऊन नसलेले दिसू लागते. यात जीवही जाऊ शकतो. म्हणून ज्याला सकाळीच लागते, ज्याचे हात कापतात, ज्याला पूर्वी कधी झटका आला आहे, त्याने घरी एकट्याने सोडू नये. तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात जावे. आठवडाभर औषधे आणि बी-१ जीवनसत्त्व देऊन डॉक्टर हा घाट सुखरूप उतरवतात. दारू सोडणे धोक्याचे नाही. डॉक्टरांशिवाय एकदम तोडणे अशा माणसाला धोक्याचे आहे.

बाकीच्यांसाठी श्रावणासारखा मुहूर्त नाही. आपल्याकडे कितीतरी माणसे श्रावण पाळतात, महिनाभर बाटलीला शिवत नाहीत. मग महिना संपताच पुन्हा तीच वाट का? आणि श्रावणाच्या आदल्या दिवशी महिन्याचा कोटा एकाच रात्री पुरा करायची ही कोणती रीत? त्या दिवसाचे खरे नाव दिव्यांची अवस. घरातले दिवे घासूनपुसून पाटावर मांडायचे, त्यांची पूजा करायची. आपण तिची गटारी करून टाकली. मी त्याच दिवशी सोडली आणि फक्त श्रावणापुरती सोडली. श्रावण संपला तेव्हा घरी म्हणालो, "आता भाद्रपद बघू." असे महिन्यामागून महिने बघत सहा वर्षे झाली.

फार सोपे होते असे सांगणार नाही. पहिला आठवडा झोप येईना. गोड खावेसे वाटे, म्हणून गुळाच्या ढेपेला हात जाई. त्यामुळे पहिल्या महिन्यात वजन जेमतेम दीड किलो उतरले. मग दोन गोष्टी धरल्या. एक, संध्याकाळी सहाला भाकरी-भाजी खाऊन घ्यायची, कारण आपल्याला जी तलफ वाटते ती पुष्कळदा भूकच असते. दुसरी, सहा ते आठ ही वेळ मोकळी ठेवायची नाही. मी चालायला जाऊ लागलो. तुमच्याकडे धारा आहेत, गोठा आहे, भजन आहे, पोरांचा अभ्यास आहे. आठ महिन्यांनी काटा ७८ वर आला. पुन्हा सोनोग्राफी केली, तेव्हा लिव्हरवरची चरबी बरीच उतरली होती. सकाळी तोंडाचा कडवटपणा गेला आणि बांधावरून चालताना लागणारी धाप कमी झाली.

चौथ्या महिन्यात एका लग्नात मी घसरलोही. दुसऱ्या दिवशी इतका खजील झालो की वाटले, सगळे वाया गेले. तेव्हा आमच्या घरातून उत्तर आले, "अहो, पेरणीत नांगे पडले म्हणून तुम्ही शेतकऱ्याला शेत मोडायला सांगता का?" नांगे भरायचे असतात. मी भरले. तुमच्याही घरात कोणी घसरला तर टोमणे मारू नका, पुन्हा उभा करा.

माय-भगिनींना आणखी दोन शब्द. माणूस नशेत असताना वाद घालू नका. सकाळी, चहाच्या वेळी बोला. आणि "न सांगता भाजीत मिसळा, दारू सुटेल" असली पुडी कोणी विकत असेल तर घेऊ नका. दारू सोडवण्याचे एक औषध असे आहे की ते पोटात असताना दारू घेतली तर जोराची उलटी, धडधड होते, रक्तदाब घसरतो, प्रसंगी जीव जातो. ते डॉक्टरांनी, रोग्याला सांगूनच द्यायचे औषध आहे. नवऱ्याच्या पिण्याचा दोष स्वतःकडे घेऊ नका. आणि मार खात बसू नका. माहेरच्यांना, शेजाऱ्यांना, पोलीस पाटलांना सांगा.

फवारणीचे दिवस आहेत म्हणून हेही सांगतो. पंप उतरवल्यावर शीण घालवायला घोट घेण्याची चाल फार वाईट. अंगात गेलेल्या औषधाची बाधा आणि नशा यांची लक्षणे एकसारखी दिसतात. घरचे समजतात, प्यायला आहे, झोपू द्या. आणि उपचाराची वेळ निघून जाते.

"थोडीशी अंगाला बरी" हे वाक्य आता जाऊ द्या. जानेवारी २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट सांगितले की आरोग्याला निर्धोक अशी दारूची कोणतीच मात्रा नाही. दारूने कर्करोग होतो, हे तर १९८८ पासून नोंदलेले आहे.

मदत लागली तर लाजू नका. १४४४६ हा सरकारचा नशामुक्तीचा फोन आहे, पैसे पडत नाहीत. अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या सभा अनेक गावांत-शहरांत भरतात, तिथे फी नाही, आडनाव विचारत नाहीत. पुण्यात डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेले मुक्तांगण आहे. आणि आपली जुनी वाट, माळ घालण्याची, तीही खरी आहे. माळकऱ्याला कोणी आग्रह करीत नाही, सारा गाव त्याचा निश्चय सांभाळतो. फक्त हात कापणाऱ्याने माळेआधी दवाखाना गाठावा.

गेल्या महिन्यात त्याच गावी गेलो होतो. मावशींचे मालक बांधावर कोळपे धरून होते. पाच वर्षे थेंब नाही. मी म्हणालो, "पाटील, माझं वजन आठ किलो उतरलं." ते हसून म्हणाले, "साहेब, माझं नऊ किलो वाढलं." दोघांनी सोडली एकच गोष्ट. ज्याच्या अंगावर नको ते साठले होते त्याचे उतरले, ज्याच्या अंगावरचे झडले होते त्याचे भरून आले. मावशी तिथेच खुरपत होत्या. मी त्यांना म्हणालो, "तुम्ही विचारलंत तेव्हा मी नीट उत्तर दिलं नव्हतं." त्या म्हणाल्या, "आता द्या की. दुसऱ्या कुणाला तरी उपयोगी पडंल."

म्हणून हा लेख. दिव्यांची अवस जवळ आली आहे. त्या दिवशी घरातले दिवे घासायला आई-बायकोच्या बरोबरीने तुम्हीही बसा.

पुढच्या खेपेला चक्रीभुंग्याविषयी. येतो.