आधी पाकीट, मग कार्ड

गणपती विसर्जन झालं की घरोघरी दिवाळीचे बेत सुरू होतात. यंदा त्यात एक भर घाला. आपल्या माणसांसाठी दहा भेटकार्डं स्वतःच्या हाताने करा आणि टपालाने पाठवा. दहा झेपली नाहीत तर पाच करा, पण केलेली पाचच्या पाच घराबाहेर पडू द्या.

घराबाहेर पडण्याचं मुद्दाम म्हणते आहे. कार्डं करायची हौस असलेल्या पुष्कळ घरांत सामान उदंड असतं. प्रदर्शनातून आणलेला हातकागद, पुण्याच्या बोहरी आळीतून आणलेल्या लेस आणि टिकल्या, मुलांच्या प्रोजेक्टमधून उरलेली कार्डशीटं, एकदाच वापरलेलं नक्षीचं पंच. कागद इतका सुरेख असतो की तो कापवत नाही. केलेली चार कार्डंही ‘पुढे कधीतरी देऊ’ म्हणत कपाटात राहतात आणि एक दिवस त्यांना कसर लागलेली दिसते. म्हणून कामाचा कोपरा नीट लावलेला आहे की नाही, हे पारखायला मी एकच गोष्ट बघते. बसल्यापासून तासाभरात एक कार्ड पाकिटात जाऊन त्यावर पत्ता लिहून होतो का? होत असेल तर कोपरा चांगला. होत नसेल तर डबे कितीही देखणे असोत, मांडणी चुकली आहे.

स्वतंत्र खोलीची वाट बघू नका. दोन खोल्यांच्या घरात जेवायचं टेबल हेच अभ्यासाचं, इस्त्रीचं आणि कार्डांचंही टेबल असतं. अडचण जागेची कमी आणि उचलाउचलीची जास्त असते. कार्ड अर्ध्यावर आलेलं असतं, गोंद ओला असतो आणि तेवढ्यात पानं घ्यायची वेळ होते. मग सगळं घाईने पिशवीत कोंबलं जातं आणि पुन्हा बाहेर काढायचा कंटाळा येतो. यावर उपाय म्हणजे काठ असलेला एक मोठा ट्रे. लाकडी असो, प्लास्टिकचा असो, नाहीतर घरातलं जुनं मोठं ताट घ्या. जे पसरायचं ते ट्रेमध्येच पसरायचं. उठायची वेळ आली की ट्रे जसाच्या तसा उचलून कपाटावर ठेवायचा किंवा दिवाणाखाली सरकवायचा. दुसऱ्या दिवशी काढला की काल थांबलो तिथून पुढे. नोकरी आणि घर सांभाळणाऱ्यांना सवड मिळते ती पंधरा-वीस मिनिटांच्या तुकड्यांतच, आणि ट्रे असला तर तेवढ्यातही काम पुढे सरकतं. या लेखातलं बाकी काही केलं नाहीत तरी चालेल, हा ट्रे मात्र कराच.

उरलेल्या सामानासाठी नवे डबे विकत घेऊ नका. टिकल्या, मणी, बटणं जुन्या मिसळणाच्या डब्यात उत्तम राहतात, झाकण काढताच सगळ्या वाट्या एकदम दिसतात. लेस आणि रिबिनी श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांत. कागद उभे ठेवले की कलतात आणि वाकतात, म्हणून ते आडवेच ठेवा, मोठे खाली आणि लहान वर. कागदाची कात्री वेगळी असू द्या आणि तिने दुधाची पिशवी कापायची नाही, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. कापून उरलेल्या तुकड्यांचा मोह फार वाईट. काडेपेटीहून लहान तुकडा त्याच वेळी रद्दीत टाकायचा, एवढा एक नियम पाळला तरी निम्मा पसारा होत नाही.

पावसाळ्यानंतर कागदांकडे एकदा लक्ष द्या. मुंबईत आणि कोकणात चार महिन्यांत कागद ओल धरतात, मऊ पडतात, आणि अशा कागदाची घडी सरळ बसत नाही. एक दिवस ते सावलीत पंख्याखाली पसरा. उन्हात नको, रंगीत कागद उतरतात. गठ्ठा बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नका. बुटांच्या खोक्यांत येणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या कागदांच्या डब्यात टाका, लहान मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा.

आता प्रत्यक्ष कार्ड. सगळ्यात आधी पाकिटं आणा. पुष्कळजण हे उलट करतात, आणि मग आठ बाय आठ इंचांच्या सुंदर कार्डाला बाजारात पाकीटच मिळत नाही. कार्ड पाकिटापेक्षा चहूबाजूंनी थोडं लहान हवं, अर्धा सेंटिमीटर पुरे. सगळ्यात सोपं माप म्हणजे ए-४ आकाराचा जाड कागद मधोमध कापून दोन भाग करायचे आणि प्रत्येकाची घडी घालायची. एका कागदात दोन कार्डं होतात आणि काही वाया जात नाही. या मापाचा दुसरा फायदा वजनाचा. कागदाच्या वेष्टनावर २५० जीएसएम लिहिलेलं असतं, म्हणजे त्याच्या एका चौरस मीटरचं वजन २५० ग्रॅम. अर्ध्या ए-४ चं कार्ड भरतं साधारण ८ ग्रॅम आणि पाकीट धरून १२. टपालात साध्या पत्राच्या दराचा पहिला टप्पा २० ग्रॅमपर्यंतचा आहे, त्यामुळे वर सजावटीला ऐसपैस जागा उरते. अख्ख्या ए-४ चं कार्ड केलंत तर पाकिटासकट ते वीसच्या पुढे जातं. तिकिटं कमी लावली तर फरकाचा भुर्दंड कार्ड घेणाऱ्याला पडतो, आणि दिवाळीच्या शुभेच्छांबरोबर तो कुणाला देऊ नये.

घडीकडे लक्ष द्या, कारण घरी केलेलं कार्ड ओबडधोबड दिसतं ते बहुतेक घडीमुळे. गिरणीत तयार झालेल्या कागदात तंतू एका दिशेने बसलेले असतात. कागद न दुमडता दोन्ही बाजूंनी अलगद वाकवून बघा, एका बाजूने तो सहज वाकतो. घडी त्याच बाजूने घातली तर स्वच्छ बसते, उलट्या बाजूने घातली तर कड फाटल्यासारखी पांढरी दिसते. घडी घालण्याआधी पट्टी धरून शाई संपलेल्या बॉलपेनाने एक दाबून रेघ ओढा. छापखान्यात याला क्रीझिंग म्हणतात. एवढं केलं की वर फक्त एक साधी पणती काढलीत तरी कार्ड देखणं दिसतं.

वरच्या सजावटीला नवं काही आणायची गरज नाही. कपाटात साठलेल्या लग्नपत्रिका काढा. त्यांचा कागद जाड, त्यावर सोनेरी छपाई, कडेला नक्षी. ब्लाउज शिवून उरलेला खणाचा तुकडा, जुन्या साडीचा काठ हेही कागदावर छान बसतं. चिकटवताना पांढरा पातळ गोंद बेताने वापरा. त्यात पाणी असतं, त्याने कागद भिजून सुरकुततो. मोठ्या तुकड्याला दुहेरी टेप आणि कागदावर कागद लावायला गोंदाची कांडी बरी. मणी आणि जाड फुलं टपालाच्या कार्डावर लावूच नका. शिक्के आणि थैल्या यांतून जाताना पाकीट तिथेच फाटतं.

हातकागद वापरायचा असेल तर जरूर वापरा. दौलताबादजवळचं कागजीपुरा आणि आपलं जुन्नर ही एके काळी कागदासाठी नावाजलेली गावं, आणि पुण्यात शिवाजीनगरला १९४० साली सुरू झालेल्या हातकागद संस्थेने सुती चिंध्यांपासून कागद करण्याची ती कला पुढे नेली. फक्त त्याच्यावर पेनाची शाई पसरते, म्हणून आत लिहायला एक गुळगुळीत कागद चिकटवा.

आणि आत काय लिहायचं? खरं तर हे सजावटीच्या आधी ठरवा. मजकूर कच्च्या कागदावर लिहून मगच कात्री हातात घ्या, नाहीतर कार्डं सजून तयार होतात आणि आतून कोरी राहतात. लंडनमध्ये १८४३ साली हेन्री कोल यांना नाताळात प्रत्येकाला पत्र लिहायला सवड होईना, म्हणून त्यांनी चित्रकार हॉर्स्ली यांच्याकडून चित्र काढून घेऊन शुभेच्छेसह कार्ड छापलं. बाजारात मिळालेलं ते पहिलं नाताळ कार्ड. छापील मजकूर असा सवड नाही म्हणून आला. तुम्ही सवड काढून कार्ड करता आहात, तर ‘ही दिवाळी आपणांस सुखसमृद्धीची जावो’ एवढ्यावर का थांबायचं? ते तर सगळ्यांच्या फोनवर येणारच आहे. दोनच ओळी लिहा, पण तुमच्याशिवाय दुसरं कुणी लिहू शकणार नाही अशा. ‘मावशी, तुम्ही शिकवल्याप्रमाणे यंदा चकलीची भाजणी घरी केली, बिघडली नाही.’ मावशी हे कार्ड जपून ठेवतील. अक्षर वाईट आहे म्हणून मागे सरू नका. पाकिटावरचं अक्षर पाहून कुणाचं आहे ते ओळखण्याचा आनंद आपण नातवंडांना दिलेलाच नाही.

आपल्याकडे हे काही परकं नाही. संक्रांतीला छोट्या भेटकार्डाबरोबर हलव्याचे चार दाणे पाकिटात घालून लांबच्या नातेवाइकांना पाठवायची पद्धत कित्येक घरांत होती. दिवाळीला हात बसला की जानेवारीत ती पुन्हा सुरू करता येईल. मुलांना बरोबर घ्या. ब्लेड तुम्ही धरा आणि पत्ता त्यांना लिहू द्या, बॉलपेनाने, म्हणजे पाण्याने पसरणार नाही. पिनकोड लिहिताना त्यांना हेही सांगा की १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झालेली ही सहा आकड्यांची योजना श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी माणसाची, आणि ते संस्कृतचे कवीही होते.

देशातली कार्डं वसुबारसेच्या दहा दिवस आधी पेटीत पडायला हवीत, परदेशातली महिनाभर आधी. तेव्हा कागद-कात्री उद्या काढा. आज रात्री फक्त दहा नावं लिहा आणि त्यातल्या पहिल्या तिघांना फोन करून पत्ता विचारून घ्या, पिनकोडसकट.