केल्पीची गोष्ट पूर्ण सांगावी

वाचनाच्या तासाला पाचवीच्या मुलांना स्कॉटलंडमधील 'केल्पी'ची लोककथा सांगितली, त्यावर काही पालकांनी नाराजी कळविली आहे. इतकी भीतीदायक गोष्ट लहान मुलांना कशासाठी, असे ते विचारतात. प्रश्न रास्त आहे. पण आमचे मत वेगळे आहे, ते येथे मांडतो.

केल्पी हा नदी-ओढ्यांत राहणारा, रूप बदलणारा जीव. बहुधा तो काठावर उभ्या असलेल्या देखण्या घोड्याच्या रूपात दिसतो. मुले एकामागून एक पाठीवर बसतात, पाठ लांबत जाते आणि सर्वांना जागा होते. मग अंगे कातडीला चिकटतात व घोडा सगळ्यांना घेऊन खोल पाण्यात शिरतो. एका कथेत एक मुलगा नुसते बोट लावून पाहतो. बोट चिकटते. तो चाकूने स्वतःचे बोट कापतो आणि वाचतो. आक्षेप मुख्यतः या बोटावरच आहे.

ते वगळावे असे आम्हाला वाटत नाही. त्या डोंगराळ मुलखात ओढे पावसाने एकाएकी फुगतात. सरोवरे थंडगार, लॉक नेस तर दोनशे मीटरहून अधिक खोल. मोठी माणसे कामावर असताना मुलांना काठापासून दूर ठेवायला ही गोष्ट होती. संकट ओळखीच्या, गरीब जनावराच्या रूपात येते, हे तिचे मर्म. माणसाचे रूप घेतले तरी केल्पीचे खूर तसेच राहतात, असे सांगतात. नीट पाहणाऱ्याला खूण सापडते. अनोळखी माणसाविषयी आपण मुलांना बजावतो ते याहून काय वेगळे? बोट गाळून घोडा मुलांचा मित्र केला, तर उरतो तो दात काढलेला साप.

फॉल्कर्क येथे कालव्याकाठी शिल्पकार अँडी स्कॉट यांनी घडविलेली घोड्यांची दोन पोलादी मस्तके २०१३ मध्ये उभी राहिली, प्रत्येकी तीस मीटर उंच. नाव 'द केल्पीज', पण गौरव आहे तो कालव्यातील नावा ओढणाऱ्या कष्टाळू घोड्यांचा. शिल्प सुंदर आहे, मुलांनी चित्र अवश्य पाहावे. तेवढेच पाहिले तर मात्र केल्पी म्हणजे गोजिरवाणा घोडा, असा समज व्हायचा.

आपल्या वाडवडिलांकडेही पाण्यातल्या साती आसरांच्या गोष्टी होत्या. आजी-आजोबांकडून त्या ऐकून मुलांनी वहीत लिहून आणाव्यात. केल्पीची गोष्ट सहावीलाही याच स्वरूपात सांगितली जाईल. ज्यांना शंका असेल त्या पालकांनी त्या तासाला वर्गात मागच्या बाकावर येऊन बसावे.