फुसका बार

दिवाळीच्या आधी गिरगावातल्या चाळींत फटाक्यांना ऊन दाखवतात, हे तुम्ही पाहिलंच असेल. दमट फटाका म्हणजे फुसका बार, आणि ऊन दाखवलं की तो कडक वाजतो, हे आपल्याला लहानपणापासून पाठ. मग बंदुकीचं काडतूस भिजलं तर तेही वाळवून चालेल का?

तुम्ही म्हणाल, आपला बंदुकीशी काय संबंध? आपला नसेल, पण बँकेच्या दारात बारा बोअरची दुनळी घेऊन उभ्या असलेल्या वॉचमनकाकांचा आहे. मुंबईत पाऊस चार महिने. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला. पण काडतूस खराब व्हायला एवढा पाऊस लागत नाही. परळच्या फुटपाथवर ड्युटी असेल, तर कमरेच्या पट्ट्यातल्या काडतुसांना रोजची झड आणि घामही पुरतो.

काडतुसाची रचना सोपी आहे. मागे धातूचं बूड, त्यात मधोमध टोपी म्हणजे प्राइमर. पुढे दारू, मग वॅड, मग छर्रे, आणि तोंड घडी घालून बंद. पाणी शिरतं ते या घडीतून किंवा टोपीच्या कडेने. जुनी कागदी काडतुसं भिजली की फुगायची आणि नळीत बसायचीच नाहीत. प्लॅस्टिकची त्या मानाने बरी. पटकन पुसून घेतली तर बहुतेक वेळा उडतात.

म्हणजे चालतं की! इथेच माझा आक्षेप आहे. ‘बहुतेक वेळा’ हे उत्तर व्हायव्हात चालेल, बंदुकीत नाही. भिजलेलं काडतूस उडालंच नाही, तर ऐन वेळी दगा. उशिरा उडालं तर जास्त धोका. म्हणून चाप ओढूनही बार झाला नाही, तर नळी सुरक्षित दिशेला धरून निदान अर्धा मिनिट थांबायचं असतं. आणि सर्वांत वाईट म्हणजे ते अर्धवट उडालं तर. नुसतं फुस्स होतं, वॅड नळीतच अडकतो, आणि त्याच नळीत दुसरं काडतूस घालून उडवलं की नळी फाटते. फटाका फुसका निघाला तर चाळ हसते. इथे काकांचा हात जातो.

आता ऊन दाखवण्याबद्दल. जुन्या काळ्या दारूत सोरा असायचा (शाळेत आम्ही त्याला पोटॅशियम नायट्रेट म्हणायचो, सोरा हा शब्द आजीचा). तो पाण्यात विरघळतो, त्यामुळे वाळवूनही मिश्रण पूर्वीसारखं होत नाही. आजच्या दारूतलं नायट्रोसेल्युलोज पाण्यात विरघळत नाही. कारखाने तर सुरक्षिततेसाठी ते ओलंच पाठवतात. पण बंद काडतुसात दारू नीट वाळली का, टोपी शाबूत आहे का, हे बाहेरून कळत नाही. त्याची परीक्षा उडवूनच घेता येते, आणि परीक्षा झाली की विद्यार्थीच उरत नाही! वर ते शेगडीजवळ किंवा हेअर ड्रायरने वाळवणं म्हणजे आगीशी खेळ.

म्हणून मी म्हणते, पाण्यात बुडालेलं काडतूस बाद. बारा बोअरची काडतुसं आपल्याच खडकीच्या दारूगोळा कारखान्यात बनत आली आहेत, ती काही दुर्मीळ वस्तू नाही. अडचण वेगळीच आहे. प्रत्येक काडतुसाचा हिशेब द्यावा लागतो. ‘साहेब, दोन भिजली’ म्हणायला माणूस घाबरतो, पुसून परत पट्ट्यात खोचतो आणि गप्प बसतो. खर्च पगारातून कापला जाईल ही भीती असेल, तर कोण बोलणार?

तेव्हा बदली काडतुसांचा खर्च बँकेने नाहीतर एजन्सीने करावा, वॉचमनने नाही. पावसाळ्यात दर महिन्याला तपासणी व्हावी. बाद काडतुसं गटारात किंवा कचऱ्यात न टाकता परवानाधारक विक्रेत्याकडे नाहीतर पोलीस ठाण्यात विचारून, नोंद करूनच जमा करावीत. आपल्या पैशांची राखण करणाऱ्याच्या हातात निदान भरवशाचं काडतूस तरी असावं. एवढं मागणं फार आहे का?