हाती घेतलेले शिवण तडीला नेताना

घरात शिलाई मशीन असणे, ते चालवता येणे आणि त्यावर शिवायला घेतलेले कपडे खरोखर पूर्ण होणे या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत, आणि शिवणकामाची पुस्तके बहुधा पहिल्या दोहोंपाशीच थांबतात. छाती, कंबर, खांदा, मुंढा (म्हणजे बाही जिथे जोडली जाते तो बगलेभोवतीचा घेर) अशा मापांवरून कागदी आकृती काढून कापड बेतायला शिकवणाऱ्या झारापकर पद्धतीसारख्या पाठ्यपुस्तकांनी मराठी घरांना शास्त्रशुद्ध कटिंग दिले. परंतु नीट बेतलेले कापड पुढे महिनोन्‌महिने पिशवीत का पडून राहते, याचे उत्तर मापांच्या तक्त्यात मिळत नाही. हा प्रश्न आला की आळस, कंटाळा किंवा उत्साहाचा अभाव अशी स्वभावाशी जोडलेली कारणे पुढे केली जातात, आणि ती बहुतेक वेळा अपुरी असतात. शिवणाचा उत्साह हा मनाच्या लहरीपेक्षा कामाच्या मांडणीवर अधिक अवलंबून असतो. कपड्याची वाट पाहणारे माणूस, तो हवा असण्याची ठरलेली तारीख आणि हात घालताच सुरू होईल असे काम या तीन गोष्टी जुळल्या की तो टिकतो, आणि यांतले एखादे अंग निसटले की तो विरतो.

ही मांडणी मराठी घरांना अपरिचित नव्हती. मुलीच्या बाळंतपणाच्या निमित्ताने माहेरी तयार होणारा बाळंतविडा, म्हणजे झबली, टोपरी, कुंची, लाळेरी आणि दुपटी यांचा संच, हे तिचे सर्वांत स्वच्छ उदाहरण होय. बाळंतविड्यातील प्रत्येक वस्तू लहान असते, तिला कापड थोडे लागते आणि ते बहुधा घरातल्या मऊ, जुन्या सुती साडीतून निघते. वस्तू एका बैठकीत किंवा दोन बैठकांत पुरी होते, ती कोणासाठी आहे हे ठाऊक असते आणि तिची मुदत कोणाला पुढे ढकलता येत नाही. संक्रांतीच्या बोरन्हाणासाठी शिवले जाणारे तान्ह्याचे काळे झबले, दिवाळीचे परकर-पोलके, नव्या साडीवरचा ब्लाउज या साऱ्यांना पंचांगाने किंवा घरातल्या प्रसंगाने तारीख दिलेली असे. जुन्या पिढीतील स्त्रिया स्वभावतः अधिक उद्योगी होत्या असे मानण्याआधी ही रचना विचारात घ्यावी लागते; त्याचबरोबर त्या शिवणात आवडीइतकाच नाइलाजही होता, हे विसरून चालत नाही.

शिवणाच्या यंत्रामागच्या माणसाचा विचार महात्मा गांधींनी एका वेगळ्याच संदर्भात मांडला होता. १९२४ साली जी. रामचंद्रन यांच्याशी झालेल्या संवादात यंत्रांविषयीचा आपला विरोध सरसकट नाही हे स्पष्ट करताना त्यांनी सिंगरच्या शिलाई मशीनचा अपवाद केला, आणि पत्नीचे हाताने टाके घालण्याचे कष्ट पाहून, तिच्यावरील प्रेमापोटी सिंगरने हे यंत्र घडवले अशी त्यामागची भावना उलगडली. इतिहास याहून गुंतागुंतीचा आहे, कारण इलायस हाऊ यांचे पेटंट १८४६चे आणि आयझॅक सिंगर यांचे १८५१चे, आणि त्यांच्यात पुढे मोठे व्यापारी वाद झाले. तरीही यंत्राचे समर्थन करताना गांधींनी वेगाचा किंवा उत्पादनाचा मुद्दा न घेता माणसाचे कष्ट वाचवण्याचा घेतला, ही गोष्ट घरगुती शिवणाच्या विचारात मोलाची ठरते.

शिवणाला शिस्त आणि सोबत देण्याचे काम संस्थांनीही केले. रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली १९०९ साली पुण्यात सुरू झालेल्या सेवासदनाने स्त्रियांना इतर शिक्षणाबरोबर शिवणाचे वर्गही दिले. घरी एकटीने रेंगाळत होणारे काम तेथे ठरलेल्या वेळी, शिक्षिकेच्या नजरेखाली आणि इतर शिकणाऱ्या जणींच्या संगतीत होऊ लागले. हैदराबादेतील अंबरपेठ या वस्तीजवळच्या विद्यानगरात आंध्र महिला सभेच्या रुग्णालयाला ज्यांचे नाव आहे, त्या दुर्गाबाई देशमुख यांचे कार्यही या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. १९५३ साली त्या केंद्रीय समाजकल्याण मंडळाच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. शाळा सुटलेल्या प्रौढ स्त्रियांसाठी या मंडळाने १९५८पासून जे संक्षिप्त अभ्यासक्रम चालवले, त्यांत अनेक वर्षांचे शालेय शिक्षण थोड्या काळात बसवून शेवटी परीक्षा ठेवलेली होती. विषय शिवणाचा नसला तरी सूत्र तेच आहे: मर्यादित मुदत, बरोबरीच्या स्त्रियांची संगत आणि शेवटी कोणीतरी तपासणार ही जाणीव.

आजच्या अंबरपेठेत ही चौकट बरीच सैल झाली आहे. मुसी नदीच्या उत्तरेला आणि काचीगुड्याच्या पूर्वेला असलेली ही वस्ती तेलुगू, उर्दू आणि मराठी कानांवर पडणाऱ्या हैदराबादेच्या त्या भागात मोडते, ज्याचे मराठवाड्याशी जुने नाते आहे. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे मराठी जिल्हे १९५६पर्यंत हैदराबाद राज्यातच होते, आणि १९१६ साली बांधलेल्या काचीगुडा स्थानकातून मनमाडच्या दिशेने जाणाऱ्या गाड्यांनी ये-जा सोपी केली होती. येथील घरांत मशीन असते, परंतु तयार कपडे स्वस्त झाले आहेत आणि मग्गम वर्क, म्हणजे चौकटीवर ताणलेल्या कापडावर जर, मणी व खडे यांनी केले जाणारे भरतकाम, असलेले ब्लाउज व्यावसायिक कारागिरांकडेच शिवायला टाकले जातात. पैसे वाचवण्यासाठी शिवणे हे पूर्वीचे सर्वांत मोठे कारण अशा रीतीने दुबळे झाले. उरली ती कारणे तीन: अंगाला नेमके बसणारे माप, जुन्या कापडाचा पुनर्वापर आणि स्वतःच्या हातची भेटवस्तू. जे काम या तिन्हींपैकी एकाही कारणात बसत नाही, ते हाती घेताना कितीही आकर्षक वाटले तरी मधेच सुटण्याची शक्यता अधिक असते.

मानसशास्त्रातील काही सिद्धांत येथे उपयोगी पडतात. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांच्या स्वयंनिर्णय सिद्धांतानुसार अंतःप्रेरणा तीन गरजांवर पोसली जाते: काम आपण निवडले आहे ही भावना, ते आपल्याला जमत आहे हा अनुभव आणि त्यातून कोणाशी तरी नाते जोडले जात आहे ही जाणीव. नवशिक्या व्यक्तीने पहिल्याच महिन्यात कटोरी ब्लाउजासारखे अवघड शिवण घेतले तर दुसरी गरज भागत नाही. घरच्यांच्या फाटक्या कपड्यांचा ढीगच रोज समोर आला तर पहिली भागत नाही. पीटर गोल्विट्झर यांनी मांडलेली दुसरी कल्पना अंमलबजावणीच्या संकल्पाची आहे: ‘या महिन्यात ब्लाउज शिवायचा’ असे मोघम ठरवण्याऐवजी ‘शनिवारी दुपारची भांडी आवरली की खांदे जोडायचे’ असे वेळ, प्रसंग आणि कृती बांधून ठरवले की संकल्प पार पडण्याची शक्यता वाढते.

तिसरी कल्पना क्लार्क हल यांनी १९३२ साली मांडली. ध्येय जवळ येत जाते तशी धाव वाढते, असे तिचे सार आहे. तिचा सुंदर पुरावा गोधडीत सापडतो. मराठवाड्यात वाकळ आणि तेलंगणात बोंत या नावांनीही ओळखली जाणारी ही जुन्या कापडांची पांघरुणे अनेकदा कडेपासून धावदोरा घालत, चौकोनी फेऱ्यांनी आत मध्याकडे शिवत नेतात. प्रत्येक फेरी आधीच्या फेरीपेक्षा आखूड होत जाते, उरलेले काम डोळ्यांना आक्रसताना दिसते आणि हात आपोआप चपळ होतो. ब्लाउजाचा क्रम याच्या नेमका उलट आहे. कापड निवडणे, बेतणे आणि पहिल्या सरळ टिपा मारणे या आनंदाच्या पायऱ्या आरंभी संपतात. शेवटी उरते ती हाताची तुरपाई, म्हणजे कडा आत दुमडून बारीक टाक्यांनी बसवणे, आणि हुक-आय लावणे, ज्यात कपड्याचे रूप फारसे बदलत नाही आणि वेळ मात्र जातो. घरगुती ब्लाउज बाह्या जोडून झाल्यावर रखडतो, त्याचे कारण बहुधा येथे असते. यावरचा उपाय साधा आहे: हातशिलाईचे काम मशीनच्या कामापासून वेगळे काढून सुई, दोरा, हुक आणि कात्रीसह एका डब्यात ठेवावे, आणि ते गप्पा मारताना किंवा मालिका पाहताना करण्यासाठी राखून ठेवावे.

आरंभाच्या अडचणींकडेही तितकेच लक्ष द्यावे लागते. सुती कापड आणि अस्तर धुतल्यावर आटते, म्हणून ते बेतण्यापूर्वी भिजवून वाळवून इस्त्री करणे आवश्यक असते. कापड घरी येताच त्याच दिवशी भिजवले नाही तर ही एक पायरी पुढचे सारे काम अडवून धरते. मशीनविषयीही असेच आहे. बोथट सुई टाके सोडते, बॉबिनच्या खाचेत साठलेला कापडी भुगा दोरा अडकवतो, आणि शिवणाऱ्याला वाटते की आपल्यालाच जमत नाही. साधारण आठ तासांच्या शिलाईनंतर सुई बदलणे, मलमलीसारख्या तलम कापडाला ११ नंबरची, नेहमीच्या सुती कापडाला १४ नंबरची आणि जाड कापडाला १६ नंबरची सुई वापरणे, खाच ब्रशने साफ करून थेंबभर तेल देणे हे उपाय यंत्राइतकेच उत्साहालाही वंगण ठरतात. लहान सदनिकांत मशीन कापडाखाली झाकून, वर सामान ठेवून दिलेले असते. ते रिकामे करायला जो वेळ जातो, त्यातच संध्याकाळची अर्धी बैठक संपते. म्हणून मशीनवर काही न ठेवणे आणि उठताना पुढची टीप मारण्याजोगे तुकडे टाचण्या लावून तयार ठेवणे ही चांगली शिस्त होय.

कापड खरेदी हा या विषयातील चकवा आहे. सुलतान बाजार, बेगम बाजार किंवा सिकंदराबादचा जनरल बाजार येथे फेरी मारून मॅचिंग सेंटरमधून अस्तर आणणे यात शिवणाचाच आनंद मिळाल्यासारखे वाटते, आणि त्या समाधानाने प्रत्यक्ष शिवणाची निकड कमी होते. घरात न बेतलेली कापडे तीनांहून अधिक झाली की नवे आणू नये, असा नियम घालून घेणे यासाठीच हितावह असते. तसेच एका वेळी एक मोठे आणि एक लहान, अशी दोनच कामे चालू ठेवावीत. मोठे अडले की लहानावर हात चालू राहतो, आणि हात चालू राहिला की मोठ्याकडे परतणे सोपे जाते.

सर्वांत बळकट आधार मात्र वर्षाच्या चक्राचा आहे, आणि तेलुगू व मराठी अशा दोन्ही सणांमुळे अंबरपेठेला तो दुहेरी लाभला आहे. आषाढात येथील महाकाली मंदिराचे बोनालू, म्हणजे देवीचा उत्सव, भाद्रपदात गणपती, सर्वपित्री अमावास्येपासून नऊ दिवस बतुकम्मा हा फुलांचा सण, मग दसरा, दिवाळी आणि संक्रांत अशी मुदतींची मालिकाच येथे उपलब्ध आहे.  बतुकम्मासाठी मुलीचा परकर हवा असेल तर कापड श्रावणात भिजले पाहिजे, आणि संक्रांतीच्या हळदी-कुंकवाला वाण म्हणून उरलेल्या तुकड्यांचे बटवे द्यायचे असतील तर ते दिवाळीनंतर एकदमच बेतून, सगळ्यांच्या बाजूच्या टिपा एका बैठकीत आणि नाड्या दुसऱ्या बैठकीत, अशा क्रमाने पुरे करता येतात. इमारतीतल्या दोघी-तिघींनी आठवड्यातली एक दुपार ठरवून आपापले शिवण घेऊन एकत्र बसणे, हा जुन्या शिवणवर्गाचाच घरगुती अवतार ठरेल.

काही कामे मात्र सोडून देणेच योग्य असते. ज्याचे माप आता जुळत नाही, ज्याची वाट पाहणारे कोणी उरले नाही किंवा जे केवळ कापड महाग होते म्हणून जपले आहे, ते उसवून त्याची पिशवी, उशीचा अभ्रा किंवा गोधडीचा तुकडा करणे हा पराभव मानू नये. अर्धवट कामांचा ढीग डोळ्यांसमोरून हलला की नव्या कामाला जागा होते. वाचकांनी या आठवड्यात नवे कापड आणण्याआधी घरातली अर्धवट शिवणे एकदा बाहेर काढावीत, त्यांतले एकच निवडावे, ते कोणासाठी आणि कोणत्या सणाआधी पुरे करायचे हे चिठ्ठीवर लिहून त्याला टाचणीने लावावे, आणि बाकीच्यांतल्या ज्यांची वाट पाहणारे कोणी उरले नाही त्यांची गोधडी करावी.