ब्रोकरेज शून्य, मग ब्रोकर जेवतो काय?



दुबईच्या घड्याळात मुंबईचा बाजार पावणेआठला उघडतो आणि दुपारी दोनला बंद होतो. म्हणजे नेमका ऑफिसच्या वेळात. न्यूयॉर्कचा बाजार मात्र उन्हाळ्यात संध्याकाळी साडेपाचला आणि हिवाळ्यात साडेसहाला सुरू होतो. घरी येऊन चहा होईपर्यंत स्क्रीन लाल-हिरवी व्हायला लागलेली असते. आखातातल्या मराठी माणसाला निर्देशांकांच्या ट्रेडिंगचा नाद लागण्यात या घड्याळाचा हात मोठा आहे, असे माझे मत. आता इथल्या आपल्या मराठी मंडळाच्या जेवणाच्या रांगेतही निफ्टी आणि नॅसडॅक ऐकू येतात.

ट्रेडिंग करावे की नाही, हा आजचा विषय नाही. सेबीने सप्टेंबर 2024 मध्ये जाहीर केले की मागच्या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्स करणाऱ्या वैयक्तिक ट्रेडर्सपैकी 93 टक्के तोट्यात गेले. हा आकडा वाचूनही ज्याला करायचे आहे तो करणारच. पण त्याच अभ्यासातल्या दुसऱ्या आकड्याबद्दल रांगेत कोणी बोलत नाही: 2023-24 मध्ये या ट्रेडर्सनी माणशी सरासरी 26,000 रुपये निव्वळ व्यवहारखर्चात घातले. आपल्याकडे विचारले जाते ते एवढेच, "तुझ्या ब्रोकरचे ब्रोकरेज किती?"

मी नाशिक जिल्ह्यातला, निफाडकडचा. लासलगावच्या बाजार समितीत कांदा देऊन आलेला शेतकरी चारचौघांत भाव सांगतो, पण घरी आल्यावर वाचली जाते ती हिशोबपट्टी: हमाली किती, तोलाई किती, वाराई किती, हातात काय आले. 2016 साली सरकारने आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायला लावली, तेव्हा व्यापाऱ्यांनी लिलाव बंद ठेवले होते. एप्रिल 2024 मध्ये हमाली-तोलाईच्या वादावरून जिल्ह्यातले लिलाव पुन्हा ठप्प झाले. कपातीच्या दोन ओळींवरून जिथे बाजार बंद पडतो, तिथे वाढलेली आपली मंडळी ब्रोकरकडून येणाऱ्या हिशोबाची, म्हणजे काँट्रॅक्ट नोटची ईमेल न उघडताच पुसून टाकतात. त्या पीडीएफला पासवर्ड असतो, हे कारण मला पुरेसे वाटत नाही.

एक नोट उघडून बघू. एप्रिल 2025 च्या अखेरीस निफ्टी 24,000 च्या आसपास होता आणि लॉट 75 चा. एक लॉट फ्युचर घेतला आणि त्याच भावाला विकला, तर नफा-तोटा शून्य, उलाढाल येता-जाता 36 लाख. डिस्काउंट ब्रोकरचे ऑर्डरमागे 20 याप्रमाणे 40 रुपये. ऑक्टोबर 2024 मध्ये वाढलेल्या, तेव्हाच्या 0.02 टक्के दराने विक्रीवर रोखे व्यवहार कर, म्हणजे एसटीटी, 360 रुपये. बाजाराचे शुल्क 62, खरेदीवर मुद्रांक शुल्क 36, सेबीचे साडेतीन-चार रुपये, आणि ब्रोकरेज व शुल्कांवर 18 टक्के जीएसटी, म्हणजे आणखी 19. बेरीज 521 रुपये. निफ्टी सात अंक वर गेल्याशिवाय तुम्ही बरोबरीतही नाही. आणि ज्या ब्रोकरेजवरून आपण ब्रोकर निवडतो, ते या 521 मधले अवघे 40.

(मुद्रांक शुल्काच्या ओळीशी माझ्यासारखा नाशिककर जरा रेंगाळतो. शेअर कागदी होते तेव्हा हस्तांतराच्या फॉर्मवर चिकटवायची तिकिटे नाशिकरोडच्या प्रेसमध्ये छापली जात. ज्या पासपोर्टवर आपण इथे आलो, तोही तिथलाच. 1 जुलै 2020 पासून हे शुल्क परस्पर बाजाराकडेच कापले जाते.)

आपण अनिवासी, म्हणून हिशोब इथे थांबत नाही. भारतातले डेरिव्हेटिव्ह आपल्याला करता येतात, पण भारतातल्या रुपयांतून आणि पैसे बाहेर नेण्याच्या हक्काविना, म्हणजे व्यवहारात एनआरओ खात्यातून. अनिवासी खात्यांना बहुतेक ब्रोकर जास्त दर लावतात. समजा ऑर्डरमागे 100 रुपये धरले, तर वरचे 521 होतात 710. नफा-तोटा व्यवसायाचे उत्पन्न म्हणून धरला जातो, म्हणून आयटीआर-3 भरावा लागतो आणि नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या सीएची फी साध्या रिटर्नसारखी राहत नाही. वर्षातून चार ट्रेड करणाऱ्याला सगळ्यात मोठा खर्च हाच असू शकतो.

यावर आपल्यातल्या अनेकांनी काढलेली पळवाट म्हणजे नाशिकला असताना उघडलेले निवासी खाते तसेच ठेवायचे आणि इथून मोबाइलवर चालवायचे. 20 रुपयांत काम भागते. पण देश सोडून अनिवासी झालो की बँक आणि डिमॅट दोन्ही खाती अनिवासी करून घेणे फेमा कायद्याने बंधनकारक आहे. ऑर्डरमागे वाचलेल्या 80 रुपयांसाठी तो धोका पत्करणे म्हणजे शुद्ध वेडेपणा, असे मी स्पष्टच लिहितो.

आता 'झिरो कमिशन'वाल्यांकडे येऊ. इथल्या बिलबोर्डवर आणि यूट्यूबवर दिसणारे बहुतेक अ‍ॅप निर्देशांकांचे सीएफडी, म्हणजे भावातल्या फरकाचे करार, विकतात. तुमच्याकडे ना शेअर येतो, ना बाजारातले फ्युचर. करार असतो तुमचा आणि ब्रोकरचा. नॅसडॅक 20,000 वर आहे आणि अंकामागे 1 डॉलर अशी पोझिशन घेतली असे धरा. पोझिशन 20,000 डॉलरची, तुम्ही भरले 1,000. खरेदी-विक्रीच्या भावात 2 अंकांचे अंतर असेल तर स्प्रेडचे 2 डॉलर गेले. हे सगळ्यांना माहीत असते आणि स्वस्तही वाटते. न दिसणारी गोष्ट रात्री घडते. पोझिशन दुसऱ्या दिवसावर नेली की व्याज लागते, आणि ते लागते पूर्ण 20,000 वर, तुम्ही भरलेल्या 1,000 वर नव्हे. वार्षिक 7 टक्के धरले तर रात्रीला 3 डॉलर 89 सेंट, स्प्रेडच्या जवळजवळ दुप्पट. शनिवार-रविवारचे मिळून एका रात्री तिप्पट कापतात. महिनाभर पोझिशन धरली तर सुमारे 117 डॉलर, म्हणजे भरलेल्या रकमेच्या जवळपास 12 टक्के. नॅसडॅक होता तिथेच असला तरी.

स्वॅप-फ्री, म्हणजे इस्लामिक खाते घेतले की यातून सुटका, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. व्याज नसते हे खरे. पण कित्येक ठिकाणी ठरावीक दिवसांनंतर अ‍ॅडमिन फी सुरू होते, किंवा स्प्रेडच रुंद असतो. दिरहमचे तसेच. 1997 पासून डॉलरला 3.6725 वर बांधलेला दिरहम, त्यात काय जायचे? जाते. खाते डॉलरचे आणि कार्ड दिरहमचे असेल तर भरताना अर्धा टक्का आणि काढताना अर्धा टक्का धरला, तरी 1,000 डॉलरवर 10 डॉलर. कुवेतच्या दिनारवाल्यांनी हा आकडा जरूर तपासावा.

गिफ्ट निफ्टीबद्दल थोडक्यात. जुलै 2023 मध्ये सिंगापूरहून गांधीनगरच्या गिफ्ट सिटीत आलेला हा करार डॉलरमध्ये, दिवसाचे जवळजवळ 21 तास चालतो. त्यावर ना एसटीटी, ना मुद्रांक शुल्क, आणि तो अनिवासींना खुला आहे. मात्र अंकामागे 2 डॉलर, म्हणजे निफ्टी 24,000 वर असताना एक करार 48,000 डॉलरचा. किरकोळ ट्रेडरच्या खिशाला तो जड आहे.

खाते उघडण्याआधी सेल्समनला तीन गोष्टी लेखी मागा: रात्रीच्या व्याजाचा आजचा दर, पैसे काढण्याचा खर्च, आणि करारावर कोणत्या कंपनीचे नाव आहे. तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. ऑफिस दुबईच्या डीआयएफसी या वित्तीय केंद्रात, भिंतीवर तिथल्या नियामकाचा, म्हणजे डीएफएसएचा परवाना, आणि तुमचे खाते मात्र त्याच नावाच्या कुठल्याशा बेटावरच्या कंपनीत, असे सर्रास होते. भांडायची वेळ आली तर त्या बेटावर जाऊन भांडावे लागते. युरोपच्या नियामकाने 2018 मध्ये सीएफडीवर निर्बंध घातले तेव्हा किरकोळ खात्यांपैकी 74 ते 89 टक्के तोट्यात असल्याचे म्हटले होते. हीच उत्पादने इथे जास्त लिव्हरेजवर विकली जात असतील तर त्यामागचे कारण सेल्समन सांगणार नाही.

आणखी एक. "दादा, तू दुबईत आहेस, माझ्यासाठी एक खाते उघड ना," असा गावाकडच्या भावाचा फोन बऱ्याच घरांत येतो. आपण आपल्या इथल्या कमाईतून करतो ते वेगळे. भारतात राहणाऱ्याला परदेशात मार्जिनसाठी पैसे पाठवायची परवानगी नाही, आणि रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर 2022 पासून अनधिकृत फॉरेक्स प्लॅटफॉर्मची सावधगिरीची यादी संकेतस्थळावर ठेवली आहे. भावाला नाही म्हणायचे धाडस होत नसेल तर त्या यादीची लिंक पाठवा.

पुढच्या अंकासाठी एक विनंती. तुमची एक काँट्रॅक्ट नोट किंवा सीएफडी खात्याचे महिन्याचे स्टेटमेंट, नाव आणि खाते क्रमांक खोडून, मंडळाच्या ईमेलवर पाठवा. सात-आठ जमली की प्रत्येक ब्रोकरची खरी कपात एका तक्त्यात छापू. ब्रोकरची नावे छापायची की नाही, ते कार्यकारिणी ठरवेल. माझे मत छापावीत असे आहे.

आपला,
संपादक